फक्की

जुन्या कोचला शुक्रवारी नारळ दिला.
शनिवारी उजाडता उजाडता
मिरजेच्या ग्राउंडसमोर, आवटीच्या गाड्यावर
नव्या कोचची निवड सुरू झाली.
निवडणाऱ्यांना क्लबने विचारलं नव्हतं, एवढीच अडचण.

"गोव्याचा आणा," बाबालाल शिकलगार म्हणाला.
कात्र्यांना धार लावायचं दुकान त्याने आज उघडलंच नाही.
"तिकडं पोरं चालायच्या आधी लाथ मारायला शिकत्यात."
"आन् ह्यो गोवेकर," फ्रान्सिस भोरे चष्मा पुसत म्हणाले,
"त्याची टीम खाली घसरली तवा
डगआउटमध्ये नखं खात बसलावता. एकोणऐंशीवं मिनिट."
भोऱ्यांना मिनिटं पाठ.
कुणाच्या बुटाची नाडी कुठल्या मॅचला सुटली, तेसुद्धा.

कोलपचा पोर्तुगीज होता.
ऐंशी पानांची फाईल पाठवलीय म्हणे, रंगीत बाणांची.
"आपल्या डिफेन्सला दोन पानांचं पत्र वाचाय लावून बघ आधी."
रत्नप्रभा सिस्टर रात्रपाळी संपवून तशाच आलेल्या,
हातात चहा, डोळे लाल:
"तो मिझोरामचा बरा. गोल खाल्ल्यावर
पेशंटसारखा दिसत नाही, डॉक्टरसारखा दिसतो."

मग आपल्यातला गजा मुळीक निघाला,
रेल्वेचा जुना गोली, एका हाताची दोन बोटं वाकडी.
सगळे जरा दबकले, त्याचा मेहुणा शेजारीच उभा.
"घरचा माणूस नको," कुणीतरी हळूच म्हणालं,
"हरल्यावर शिव्या कुणाला घालायच्या?"

सतारमेकर इतका वेळ गप्प. बोटाला लाख चिकटलेली.
"तारा कितीबी बदला," म्हणाला,
"घोडी घासल्याबिगर जवारी निघत न्हाई.
घासणारा बघा."
"मग तूच हो की कोच!"
हसता हसता ग्लास फुटला,
शिकलगार आणि भोरे यांचं बोलणं बंद झालं,
आवटीने ग्लासाचे पैसे दोघांच्याही नावावर लिहिले.

शेवटी सिस्टरनी भडंगातले शेंगदाणे वेचून
बाकावर मतं मांडली.
गोव्याला चार, मिझोरामला चार,
गजाला पाच, त्यातला एक मेहुण्याने दोनदा ठेवलेला.
पोर्तुगालला तीन होते,
पण बोलण्याच्या भरात कोलपनेच ते खाल्ले.

मला एक दाणा दिला. तू कुणाचा, विचारलं नाही.

बावीस वर्षं मी या ग्राउंडवर फक्की मारतो.
अकरा कोच बघितले.
एकाने आल्या आल्या खुर्ची मागितली, पाठ टेकायची.
एकाने टेप लावून गोल मोजला
आणि कमी भरला म्हणून माझ्याकडे बघितलं,
जणू रात्रीतून मी कापून नेला.
एकाने नारळ फोडला. त्याला दोन महिन्यांनी दुसरा मिळाला.

आज पहाटे, अजून कावळेही उठले नव्हते,
गेटच्या गजांना धरून एक माणूस उभा.
पाठीवर सॅक, कानटोपी, हिंदी मोडकी.
आत घेतलं.
त्याने विचारलं, पाणी कुठे साचतं?

टाकीकडच्या कॉर्नरला, मी म्हटलं, पाइप गळतो.
तो तिथे गेला. बूट काढले,
मोजे नीट घडी करून बुटात ठेवले
आणि त्या चिखलात उभा राहिला,
एकदा डाव्या पायावर, एकदा उजव्या.
बराच वेळ. मी पोतं उतरवेपर्यंत.
मग नळावर पाय धुऊन स्टेशनकडे निघून गेला.

कुठला, कोण, विचारायचं राहिलं.
कोच असेल. नसेलही.
सकाळी पाच वाजता चिखलात उभी राहणारी माणसं
मिरज जंक्शनला खूप उतरतात.

गाड्यावर हे मी सांगितलं नाही.
सांगितलं असतं तर त्यालाही बाकावर मांडला असता
आणि कुणीतरी खाल्ला असता.

दाणा अजून मुठीत आहे. घामाने साल सुटलंय.
उद्या मॅच. कोच असो नसो, रेषा लागतात.
टाकीकडच्या कॉर्नरला दोनदा मारावी लागते,
पहिली भिजून जाते.