रेघेची जाडी

नकाशाचं प्रमाण एकास चार हजार.
म्हणजे कागदावरचा एक मिलिमीटर
जमिनीवर चार मीटर.
हे मला झोपेतही पाठ होतं.
वीस वर्षं आरेखक होतो मी नगररचनेत:
पिवळं म्हणजे राहणं, हिरवं म्हणजे मैदान,
निळ्या तिरप्या रेघा म्हणजे
कधीतरी होईल तो दवाखाना.

त्या वर्षी हरकती-सूचनांची सुनावणी
प्रभाग कार्यालयाच्या तिसऱ्या मजल्यावर होती.
लिफ्ट बंद.
म्हाताऱ्यांच्या हरकती
दुसऱ्या मजल्याच्या कठड्याला टेकून दम खात.
एका सोसायटीने टंकलिखित कळवलं होतं,
होल्डिंग पाँडचा वास येतो,
तो नकाशात दाखवलेला नाही.
एका पोराने वहीचं पान फाडून:
आमच्या मैदानावर तुम्ही बस डेपो टाकला आहे,
आम्ही अकरा आहोत आणि दोन राखीव.
'राखीव' वाचून साहेब हसले,
आरक्षण हा त्यांचाच विषय.
मी शिक्का मारत होतो. नोंद घेतली.
शिक्क्यातला अनुस्वार झिजून गेला होता,
म्हणून खरं तर
नोद घेतली, नोद घेतली, नोद घेतली.

दोनशे चौदा नंबरला अर्जच नव्हता.
गोमाबाई तांडेल, सारसोळे गावठाण.
पाटी जिन्यात ठेवून आली होती,
अर्धा बाजार टाकून.
तिने नकाशावर बोट ठेवलं
तर बोटाखाली तिचं घर,
शेजारच्या चौघांची घरं,
आणि जाळी वाळवायची जागा, सगळं झाकलं गेलं.
बोट उचललं. वाकून पाहिलं.

"ही तुजी रेघ कवरी जारी हाय रं?"

साहेब म्हणाले, बाई, प्रस्तावित रस्ता बारा मीटर.
"रस्ता नाय. रेघ."

वीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.
अर्धा मिलिमीटर, मी म्हणालो.
"जमिनीवं?"
दोन मीटर.

ती जरा वेळ पंख्याकडे बघत राहिली.
"माजी वटी तवरीच हाय.
मिठागरा गेली, खाचरा गेली,
ती तुमचे शहराला गेली, बरा.
वटी काय रेघंला द्यायची?"

साहेबांनी पुढचा नंबर पुकारला.
मी शिक्का उचलला
आणि त्या एका ओळीवर तो मारायचा राहिला.

संध्याकाळी टेप घेऊन गेलो.
दुसरं टोक तिच्या नातवाने धरलं,
दोनदा सोडलं, हसत.
दोन मीटर चार बोटं.
ओटीवर पाट होता, पाटावर कोयता उभा,
आणि सोललेल्या कोळंबीच्या सालींवर
एक मांजर, हरकत न घेता.

रस्ता हलवणं माझ्या हातात नव्हतं.
कुठलाच रस्ता माझ्या हातात नव्हता,
हातात पेन होतं.
रात्री ऑफिसात थांबून
दाढीच्या पात्याने फिल्मवरची शाई खरवडली,
गावठाणाच्या कडेपुरती, बोटभर.
पॉइंट पाचचं पेन ठेवलं,
पॉइंट दोनचं घेतलं.
तीच रेघ. बाहेरची कड तिथेच.
आतून फक्त बारीक.

एक मीटर वीस सुटले.
एवढ्यात चूल मावत नाही, खाट मावत नाही.
एक पाट मावतो
आणि त्यावर बसलेली बाई.

मंजुरी आली तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.
नोद कुणी घेतली नाही.

आता निवृत्त आहे. कधी त्या बाजूला जातो.
रस्ता झालाय, डांबरी, दुतर्फा गाड्या,
आणि गावठाणाच्या त्या वळणावर
तो उगाचच थोडा आवळतो.
गोमाबाई नाही. ओटीवर तिची सून बसते.
समोरासमोर दोन रिक्षा आल्या
की एकीला मागे जावं लागतं,
आणि मागे जाणारा मान बाहेर काढून
रस्ता आखणाऱ्याला आईवरून शिवी देतो.

मी टपरीशी उभा असतो, हातात कटिंग.
ती शिवी माझी आहे.
मी ती ठेवून घेतो.