उजवा पीळ

तानूबाई तारखा वहीत लिहीत नाही,
गोठ्याच्या चौकटीवर कोळशानं रेघ ओढते.
दोन रेघांवर काट आहे.
दोनदा उलटली मोरणी.

मुका माज तिचा.
हंबरायची नाही, दावं ओढायची नाही,
पहाटे चारला नुसती बळस टाकायची, काचेच्या दोऱ्यासारखी,
आणि उजाडायच्या आत शेपटीनं पुसून मोकळी.
मी म्हणाले होते, नुसतं वाडं घालू नका,
उसाचं वाडं अंगातला चुना खातं.
"मग काय घालू? कुंभीपातूर ऊसच हाय सगळा."
तरी खनिजाची पुडी पिठात कालवून घातली तिनं,
रोज, महिनाभर, उपास धरल्यासारखी.
स्वतः मात्र कंबर दुखते म्हणून
एक गोळी कधी घेतली नाही.
तिसरी कांडी राहिली.
त्या रेघेला दहा महिने आठ दिवस झाले.

रात्री सव्वा एकला फोन.
"कळा येत्यात. पाणमोट दिसंना."

सांगरूळच्या फाट्यावरून आत,
गाडीचा एक दिवा गेलेला.
गोठ्यात मोरणी उठते, बसते, पोटाकडं बघते.
खांद्यापर्यंत हात घातला.
भिंतीला घड्या लागल्या,
गोल, उजवीकडं वळत आत गेलेल्या,
ओली चादर पिळताना पडतात तशा.
त्यांच्या पलीकडं, लांब, एक खूर.
चिमटीत दाबला.
त्यानं मागे घेतला.

"पीळ हाय," मी म्हणाले,
तर दारातली माणसं एकमेकांकडं बघायला लागली,
कुणाच्या वागण्याबद्दल बोलले की काय मी.

दूध संस्थेची फळी आणली, कॅन ठेवायची.
पुढचे पाय एका कासऱ्यात, मागचे दुसऱ्यात.
उजव्या अंगावर निजवली.
आता फळीवर कुणीतरी उभं राहायचं,
आणि म्हैस लोळवायची, पिळाच्याच बाजूला.
"उलट न्हाई व्हय?" सेक्रेटरी धुळगोंडा म्हणाला.
नाही. पिशवी फळीनं धरून ठेवायची,
आणि म्हशीनंच तिच्या मागं फिरून यायचं.
हे मला कॉलेजात दोनदा वाचूनही कळलं नव्हतं.

धुळगोंडा फार जड. त्याचा पोरगा फार हलका.
"मी ऱ्हातो," तानूबाई म्हणाली, पदर खोचला.
"पारडी असल्यापास्नं नदीला बसतोय हिच्यावर.
माझं वझं तिच्या वळखीचं हाय."

पहिला फेरा. हात घातला. घड्या तशाच.
दुसरा. धुळगोंडानं चिकोडीच्या सर्जनचं नाव काढलं.
कुणी त्याला उत्तर दिलं नाही.
तानूबाई फळीवरून न उतरता
म्हशीशी काहीतरी बोलत होती, शिव्याच असाव्यात.
तिसऱ्या फेऱ्याला माझा हात आतच होता.
घड्या एकाएकी सपाट झाल्या,
आणि ऊन पाणी कोपरावरून, बगलेतून, पायातल्या बुटांत.

पावणेतीन. दोन पाय, मग नाक,
मग सगळं एकदम, भाताच्या ओल्या पेंढ्यावर.
मी नाकातला चिकटा काढला, गवताची काडी फिरवली.
शिंकलं.
कंदील खाली धरून धुळगोंडानं मागचा पाय उचलला
आणि म्हणाला, "रेडा."
दारातली माणसं हळूहळू घराकडं निघाली.
वर्षभराची पुडी, तीन कांड्या, ही रात्र,
आणि रेडा.
मोरणीला हे कुणी सांगितलं नव्हतं.
ती चाटत होती, कानामागं, पोटाखाली,
खरखरीत जिभेनं, थांबायचं नाव नाही.

जाताना तानूबाईला बजावलं:
वार आपोआप पडू दे. ओढायची नाही.
त्याला दगड, चप्पल, काही बांधायचं नाही.
"सासूनं बांधलंतं एकदा," ती म्हणाली, "खेटर.
म्हस गेली."
रेड्याला चीक पाजा, पहिला त्याला.
ती हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही.
बादली विसळत राहिली.

सकाळी गडहिंग्लजला आईशी बोलत होते,
मध्येच दुसरा फोन वाजला. साडेदहा.
"पडली."
मी विचारणार होते, आणि रेडा?
तोवर तिनं ठेवलाच होता फोन.
पण ठेवायच्या आधी, मागं, गोठ्यात,
कुणीतरी घटाघटा पीत होतं.