जुलैतला नाताळ

लीड्सच्या कालव्याकाठी जुन्या गिरणीत स्टुडिओ.
बाहेर जुलै, आत नाताळ.
कागदाचा बर्फ, चौदा पोती, माझ्या सहीनं आलेला.

टर्कीला वॉर्निश लावतोय नेव्हिल.
‘खाऊ नये’ असं ठळक लिहून ठेवलंय मी,
तरी एजन्सीचा एक पोरगा बोट चाटून गेलाच.

लागले तेव्हा चहा पोचवायचे.
कुणाला दोन साखर, कुणाला बिनदुधाचा,
अकरा वर्षांनीही पाठ आहे सगळं.
त्याच पाठांतरावर आता
ट्रक, विमा, जनरेटर, माणसं.

दिग्दर्शकाला ग्रेव्ही आठवणीसारखी ओघळायला हवीय.
एकतीस वेळा ओघळली.
आठवणीचा ताशी दर काय, विचारलं नाही मी;
ओव्हरटाइमचा तेवढा सांगितला.

साडेचारला छोट्या मेझीची वेळ संपते, कायद्यानं.
चारलाच ती टेबलाखाली झोपली,
ओठांवर ग्रेव्हीच्या मिशा.
उठवू नका, म्हटलं.
कॅमेरा चालूच होता.
मी जाऊन तिच्या आईची सही घेऊन आले.

डिसेंबरात तीस सेकंद.
जाहिरातीच्या शेवटी नावं येत नाहीत.
आईला पाठवली, तिनं दोनदा पाहिली.
यात तुझं काय गं?
बर्फ, म्हटलं.
बघ, वितळत नाही.