झडप

मर्ल हॉकेनबेरी, वय एक्याऐंशी,
आमच्या गल्लीत अजून हातानं पानं गोळा करणारा एकटाच.
सस्क्वेहॅनापलीकडच्या वाफेच्या मनोऱ्यांकडे पाठ करून बसतो
आणि मला विचारतो,
तुमच्या भाषेत व्हॉल्व्हला काय म्हणतात?

झडप, मी सांगते.
घार घालते तीही झडपच.

तो हसत नाही.
दंताळं पायरीला टेकवतो.

तर ती झडप, तो म्हणतो, उघडी राहिली.
पॅनेलवरचा दिवा विझला,
म्हणजे मिटली, असं आम्ही धरून चाललो.
दिवा झडपेला जोडलेलाच नव्हता, बाई.
"मीट" असा हुकूम सुटला,
एवढंच त्या दिव्याला ठाऊक.

पहाटेचे चार. थर्मासातली कॉफी गार.
दुसऱ्या एका दिव्यावर दुरुस्तीवाल्याची
पिवळी चिठ्ठी लोंबत होती, पोस्टकार्डाएवढी,
आणि तिच्याखाली काय पेटलंय
ते पाहायला कुणाला वाकावंसं वाटलं नाही.
मग सगळ्या घंटा एकदम.
एक वाजली असती तर ऐकली असती.
छपाईयंत्र दोन तास मागे, इमानानं
होऊन गेलेलं छापत बसलेलं.

पाणी फार झालंय, काटा म्हणाला.
म्हणून पाणी मी कमी केलं.
ह्या हातांनी.
शिकवलं होतं अगदी तसं.

(इथे तो थांबला. शेजारच्या अंगणातलं कुत्रं
उगाच भुंकून गप्प झालं.)

पुढे चौकशीवाले आले, टाय लावून.
त्यांना कारण हवं होतं, एकवचनी.
माझ्याकडे होती ती सगळी चिल्लर:
चिठ्ठी, काटा, कुणाच्या तरी ट्रेमध्ये
वर्षभर पडलेलं इशाऱ्याचं पत्र,
ज्याची पाळी होती त्याच्या बायकोचं बाळंतपण.
बंदा रुपया मागणाऱ्यापुढे
चिल्लर मोजायची लाज वाटते.
त्यांनी लिहिलं, मानवी चूक.
मी सही केली.
मानव तर होतोच.

पानांची पिशवी त्यानं बांधली,
गाठ ओढून पाहिली,
फाटकापर्यंत गेला, परत आला,
पुन्हा ओढून पाहिली.

रात्री भांडी आवरून झाल्यावर
शेगडीचा लाल दिवा विझलेला दिसला.
रोज तेवढं पुरतं.
काल मी काचेवर तळहात धरला.
ऊब लागली.
शेगडीची असेल,
किंवा माझ्याच हाताची.
बराच वेळ तशीच उभी होते.