शिशाची टिकली

रविवारी कपडे वाळत घालू लागले
त्याला आज अकरा आठवडे झाले.
पहिल्या रविवारी एकच चादर घातली.
वारा असा, की ती चाबकासारखी वाजली
आणि खाडीपलीकडच्या तीनही घरांचे पडदे
बोटभर सरकले.

आमच्या बेटावर रविवारी
मुलांचे झोपाळे साखळीने बांधून ठेवत.
बटाटे शनिवारीच सोललेले,
पाणी भरलेलं, बूट चकचकीत,
आणि ख्रिस्तीना आत्या कोंबड्यालाही
टोपलीखाली कोंडायची,
त्या दिवसापुरता.

गाताना आम्ही बसतो, प्रार्थनेला उभे राहतो.
बाबा स्तोत्राची ओळ टाकायचे, एकटे.
मग दोनशे गळे ती उचलायचे,
कुणी पुढे, कुणी मागे,
जो तो आपली वळणं घेत.
तरी लाट एकच.
त्या लाटेत मी पोहायला शिकले.
हे नाकारणार नाही.

लोकांना कारण हवं असतं.
कुणी गेलं का? पाद्री काही बोलला का?
नाही हो. पाद्री भला माणूस.
वादळानंतर मागच्या शेडचे पत्रे त्यानेच ठोकून दिले.
माझं असं झालं:
फ्रिजची घरघर अचानक थांबते
आणि तेव्हा कळतं,
इतका वेळ ती चालू होती.

प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी
टॉर्किलने माझ्या तळहातावर टिकली ठेवली,
शिशाची, त्याच्या मुठीची ऊब असलेली.
ती दाखवली की मेजापाशी जागा मिळते.
दुसऱ्या दिवशी पांढरं कापड अंथरलेलं,
सगळे उठले.
माझे पाय उठले नाहीत.
टिकली अजून कोटाच्या खिशात आहे.
बसचं भाडं देताना
दोनदा चुकून तीच हाताला लागली.

आता माझं असं काय आहे?
सांगायला गेलं तर हसू येईल.
सकाळी माग चालवण्याआधी
एक शब्द म्हणते: आहे.
कोण, ते म्हणत नाही.
मग पायटे दाबते, धोटा धावतो,
आणि दोन ठोक्यांच्या मधे
कुणीतरी ऐकत असल्यासारखं वाटतं.
कधी नाही वाटत. तरी कापड होतंच.

संध्याकाळी खाडीच्या टोकाला जाऊन
दिवसभरात पाहिलेलं सांगते.
एक पाणमांजर, दोनदा.
मॉरागची नात बसथांब्यावर रडत होती,
मी थांबले नाही.
मागत काही नाही,
पण क्षमा मागायची सवय जिभेवरून जात नाही,
जाऊही नये बहुतेक.

नरकही पुरता गेलेला नाही.
घर विकलं तरी किल्ली जुन्या जुडग्यात राहते,
तसा रात्री तीन वाजता खुळखुळतो.
तेव्हा बाबांची चाल गुणगुणते, शब्दांशिवाय.
ओळ मीच टाकते, मीच उचलते.
एका गळ्याची लाट होत नाही,
हे मला ठाऊक आहे.

काल टॉर्किल आला, उपासनेनंतर, काळ्या कोटात.
वाटलं, टिकली मागायला आला.
शाळेत माझ्या मागच्या बाकावर बसायचा,
माझ्या वेणीला सुतळी बांधायचा.
चहा प्यायला. मेंढ्यांचं बोलला,
गुडघ्याचं बोलला.
दाराशी टोपी फिरवत म्हणाला,
"मग आता तू कशाला धरून आहेस, डोलीना?"

उत्तर जुळवत होते, तेवढ्यात
समुद्राकडून आभाळ काळं झालं.
मी दोरीकडे धावले.
चादर मोठी, वारा तिला सोडेना.
तिची दोन टोकं मी धरली.
वळून पाहिलं, तर उरलेली दोन त्याच्या हातात.
रविवार होता. पडदे सरकले असतील.
आम्ही एकमेकांकडे चालत आलो,
घडी घातली, लांब गेलो, पुन्हा जवळ आलो.

"दयेचं काम," तो पुटपुटला, "ते चालतं रविवारी."
कुणावरची दया, ते त्याने सांगितलं नाही.
आणि कोट अंगावर असूनही
माझा हात खिशात गेला नाही.