सातचा पाढा

आधी पडलेली गाडी उचलायची.
हा पहिला धडा. चालवणं नंतर.
ओनोदेरा सरांनी दोनशे किलोंची होंडा
डांबरावर अलगद निजवली, आजारी म्हशीसारखी,
आणि म्हणाले, हं, उठवा.

हातांनी नाही उठत. मांड्यांनी उठते,
हँडल छातीशी घेऊन.
म्हणजे तेच, जे मी रोज करते
वृद्धाश्रमातल्या चिबा आजोबांना
पलंगावरून खुर्चीत बसवताना.
गाडी आजोबांपेक्षा जड, पण संकोचत नाही.
उठली.

शेवटची बस सहा चाळीसला.
माझी पाळी सुटते साडेनऊला.
मधे अकरा किलोमीटर, भातखाचरं, एक छोटा बोगदा,
आणि कधीमधी अस्वल, असं म्हणतात.
एवढंच कारण. कुणाला काही दाखवून द्यायचं नव्हतं.

तोवर मोटारसायकल मला ठाऊक होती ती मागून.
दोन्ही पाय एका बाजूला, मांडीवर पिशवी,
समोर भावाची पाठ, पुढे आणखी एकाची.
शर्ट आठवतात. रस्ते आठवत नाहीत.

इथल्या परीक्षेत एक फळी असते.
फूटभर रुंद, पंधरा मीटर लांब,
जमिनीपासून दोन-तीन बोटं वर.
तिच्यावरून जायला सात सेकंद लागले पाहिजेत.
जास्त चालतील. कमी नाही.
लवकर पोचलात तर गुण कापतात,
चाक खाली उतरलं तर परीक्षाच संपते,
वाकून आभार मानायचे, घरी जायचं.

चाकाकडे बघू नका, सर म्हणत,
त्या पलीकडच्या काकीकडे बघा.
काकी म्हणजे तिथलं केशरी फळ, त्याचं झाड.
मला मात्र दर वेळी कुंपणापाशी
कुणाची तरी काकी उभी दिसायची,
पदर खोचून, माझी चूक पकडायला.
पाच पूर्णांक एक. पाच पूर्णांक चार.
भीती नेहमी घाईत असते.

माझ्याबरोबर सुगावारा फुमिए, वय एकसष्ट, तोफूचं दुकान.
नवऱ्याची गाडी तीन वर्षं ताडपत्रीखाली.
घेणारा आला होता, ती म्हणाली,
मी म्हटलं, थांब, आधी चालवून बघते.
ती दर वेळी फळीच्या मध्यावर पडायची,
उठून गाडीचीच माफी मागायची.

कुठून सुचलं कोण जाणे. एका दुपारी
हेल्मेटच्या आत, अर्ध्या क्लचवर,
सात एके सात
सात दुणे चौदा
मागचा ब्रेक किंचित
सात त्रिक एकवीस
सात चोक अठ्ठावीस
काकी तिथंच, फांद्यांसकट
सात पाचे पस्तीस
सात सक बेचाळीस
सात साते एकोणपन्नास,
आणि पुढचं चाक टपकन खाली, फळीच्या टोकापलीकडे.
सात पूर्णांक तीन.
सरांनी घड्याळ दोनदा पाहिलं.

प्रार्थना म्हणत होतीस का, फुमिएनं विचारलं.
मी खरं सांगितलं. ती इतकी हसली
की डब्यातला भात तिच्या गुडघ्यांवर सांडला.
अगं, आम्हालाही हेच घोकायला लावलं होतं,
शिची इची गा शिची,
शिची नि जूशी.
चाल वेगळी. मार बहुधा सारखाच.

परीक्षेच्या दिवशी वारा होता.
माझं झालं होतं. मी कठड्याला टेकून उभी.
फुमिए फळीवर चढली.
काचेमुळे तिचे ओठ दिसत नव्हते,
म्हणून मीच इकडून म्हणत राहिले, तिच्यासाठी, माझ्या भाषेत.
मध्यावर गाडी हलली.
सात चोक. सात चोक. अठ्ठावीस.
हललेली सावरली.

मग लेखी परीक्षा, दिव्यांच्या फलकावर पेटलेला आकडा,
हिरव्या पट्टीचं कार्ड, त्यावर माझा फोटो,
आजोबांना दाखवला तर म्हणाले, ही कोण?

त्या रात्री बोगद्यात शिरले.
मागे कुणी नाही, पुढे कुणाची पाठ नाही.
इतके दिवस एकोणपन्नासला थांबायचे.
सात आठे छप्पन्न, म्हटलं मोठ्यानं, भिंतींनी ऐकलं.
सात नव्वे त्रेसष्ट.
दहा यायच्या आत बोगदा संपला,
भाताच्या ओल्या वासात बाहेर पडले.