डोकं सहा, जबडा सात

खाडीच्या पुलावर एसटी आली की
विश्राम माझ्या मानेमागे टॉवेलची घडी सरकवतो.
पुढे पावसपर्यंत वळणं.
प्रत्येक वळणाला डोकं आतल्या आत कलंडतं,
होडीच्या तळात उरलेल्या पाण्यासारखं.

खोलीतलं काही आठवत नाही.
सुईच्या आधीचा गार कापूस आठवतो.
भूल देणाऱ्या बाई म्हणतात, दहापासून उलटे आकडे म्हणा.
मी आठपर्यंत पोचते.
सातला कोणीतरी माझ्या जागी
जाऊन येतं.

परत येतो तो जबडा.
दाढांत रबराचा तुकडा धरून त्याने काय निभावलं
ते तो सांगत नाही,
नुसता दुखतो, कानाच्या पाळीपासून हनुवटीपर्यंत,
रात्रभर जाळं ओढलेल्या खांद्यासारखा.
मांड्याही दुखतात. जणू रत्नागिरीहून
चालत आले मी.

पेडणेकर सिस्टर म्हणाल्या,
गोळी दुखणं चढायच्या आधी घ्यायची,
चढल्यावर नाही. आणि लाजायचं नाही.
कुठे दुखतं, दहापैकी किती, डॉक्टरांना सांगायचं,
ते पुढच्या खेपेला सुईतच काही वाढवतील.

दहापैकी!
आमच्याकडे नारळ शेकड्यावर मोजतात,
दुखणं कोणी मोजलेलं नव्हतं.
विश्रामने मासळीची वही काढली.
मंगळवार. बांगडा दोन टोपल्या. बर्फ उधार.
डोकं सहा, जबडा सात.
शुक्रवार. वारा, होडी काढली नाही.
डोकं पाच, जबडा सात. उलटी एकदा.
हिने माझं नाव विचारलं.
ही शेवटची ओळ त्याने नंतर खोडली.
खोडल्याखालून वाचता येते.

रुकय्याभाभी बंदरावरनं बर्फाचा खडा आणते,
पंच्यात गुंडाळलेला, कोलंबीच्या वासाचा.
थोडा वेळ कानशिलाला, थोडा वेळ जबड्याला.
ती काही विचारत नाही. एकदाच म्हणाली,
माझी दाढ काढली तेव्हा मी पण हाच लावलेला.
तेवढ्यावर आमची दुखणी
एका पायरीवर शेजारी शेजारी बसली.

वाडीत म्हणतात, हिला शॉक देतात.
तुम्हाला वाटतं तसं नसतं ते, सांगावंसं वाटतं,
पण तोंड उघडलं की कानापाशी कट्ट वाजतं.
म्हणून गप्प. मऊ भात. कुळथाची पिठी, तीही कोमट.

एक गोष्ट वहीत लिहायची राहिली,
तिच्यासाठी रकाना नव्हता.
दिवाळीपासून शिमग्यापर्यंत मी
आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून होते,
पालखी दारात आली, ओटी भरायला उठले नाही,
तेव्हा कोणी विचारलं असतं, कुठे दुखतं,
तर मी बोट कुठे ठेवलं असतं?
भिंतीवर?

आता ठेवता येतं.
इथे. कानापुढे, दोन बोटं खाली.
गोळीला सापडतं. बर्फाला सापडतं.

आज आठवी खेप.
पुलावर मी म्हटलं, भाट्याचा पूल.
विश्रामला ऐकू आलं नाही,
किंवा आलं, आणि तो खिडकीबाहेर
पार पाण्यापर्यंत बघत राहिला.

घरी आल्यावर तळलेल्या गऱ्यांचा डबा उघडला.
एक दाढेखाली धरला. मोडला नाही,
नुसतं मीठ विरघळू दिलं.
तो वही घेऊन बसला. किती?
दोन होतं, मागच्या बाजूला, ओळखीचं झालेलं.
काही नाही, म्हटलं मी.

त्याने लिहिलं:
डोकं शून्य.
सुरमई एक, घरी ठेवली.